फौजेतली फिर्याद कोणाच्या दारी न्यावी?

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने राळेगणसिद्धीस जाणे झाले. पंगती उठल्यावर यादवबाबांच्या देवळापाशी आम्ही चार माणसे बसलो होतो. त्यांत फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. आमच्या पारनेर तालुक्यात ज्या गावचा एकही माणूस सैन्यात गेला नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. राळेगणचे नाव ज्यांच्यामुळे देशभर गेले ते अण्णा हजारेही सैन्यात गाडी चालवून मगच गावी परतलेले. तेव्हा बोलणे फौजेवर आले यात नवल नव्हते. थोड्या वेळाने हवालदारसाहेब माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “भाऊ, तुम्ही कोर्टकचेऱ्या करता म्हणून इचारतो. धाकटी पोर मिलिटरी पोलिसात जायचं म्हणतीय. रोज पहाटं पळायला जाती. मला अभिमान हाय. पण तिच्या आईचा जीव खालीवर होतो. तिकडं कुणी वाकडा हात टाकला, तर पोरीनं सांगायचं कुणाला? मी बावीस वर्षं नोकरी केली, पण मला बी याचं उत्तर येत नाही.”

खरे सांगावयाचे तर मलाही त्या रात्री नीट उत्तर देता आले नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. कायदा शिकलो तो कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, वकिलांची बाडे इकडून तिकडे नेताना. तथापि प्रश्न डोक्यातून जाईना. मग कायद्याची पुस्तके मिळवली, जाणकारांना विचारले, आणि जे हाती लागले ते आज आपणांपुढे मांडावयाचे ठरविले. विषय नाजूक आहे. काही बंधुभगिनींना तो चारचौघांत बोलण्याचा वाटणार नाही. पण जो विषय चारचौघांत बोलता येत नाही, त्यातला अन्याय चौघांच्या नजरेआड सुखाने चालतो, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

त्या अनुभवातली एक गोष्ट आधी सांगतो. एका कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात बाया काम करीत. तेथल्या सुपरवायझरबद्दल कुजबुज होती, पण लेखी तक्रार एकही नव्हती. व्यवस्थापन मला अभिमानाने म्हणाले, “आमच्याकडे तक्रारपेटी आहे, ती नेहमी रिकामीच असते.” मी पेटी पाहावयास गेलो. ती त्याच सुपरवायझरच्या केबिनबाहेर टांगलेली होती आणि तिची किल्ली त्याच्याच खिशात होती! पेटी रिकामी का, हे कोणास समजावून सांगावे लागू नये. आम्ही भांडून ती पेटी कॅन्टीनजवळ आणविली आणि किल्ली दुसऱ्या हाती देवविली. महिनाभरात तीन चिठ्ठ्या निघाल्या.

फौजेतल्या फिर्यादीचा प्रश्न मुळात हाच आहे: पेटी कोठे आहे आणि किल्ली कोणाकडे आहे?

कामगार आणि शिपाई यांत एक मोठा फरक आहे. कामगाराला संघटना करता येते. शिपायाला येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने सैन्यातील माणसांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि १९५० च्या आर्मी ॲक्टच्या २१ व्या कलमान्वये शिपायाच्या संघटना करण्यावर, सभेत बोलण्यावर, वर्तमानपत्रांत लिहिण्यावर बंधने आहेत. याला सबळ कारण आहे. रणांगणावर हुकूम आला म्हणजे चर्चा करून चालत नाही. पण ज्या शिस्तीने पलटण उभी राहते, तीच शिस्त वाईट माणसाच्या हाती ढाल होऊ शकते. ज्याचा हुकूम मानावयाचा, ज्याच्या सहीने रजा मिळावयाची, ज्याच्या शेऱ्यावर बढती अवलंबून, त्यानेच हात टाकला तर काय करावे? म्हणूनच सैन्यात फिर्यादीच्या वाटा कोणत्या हे आधीपासून माहीत असणे अधिक अगत्याचे आहे.

आता ही गोष्ट थोड्या जणींची राहिलेली नाही. परिचारिका सैन्यात फार पूर्वीपासून आहेत. १९९२ पासून वैद्यकीय शाखेबाहेरही स्त्रिया अधिकारी म्हणून येऊ लागल्या. २०२१ च्या मे महिन्यात मिलिटरी पोलिसांतील ८३ स्त्रियांची पहिली तुकडी बंगळूरला प्रशिक्षण संपवून बाहेर पडली. आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली मुली दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतील १७ जणींची पहिली तुकडी दीक्षान्त संचलनातून बाहेर पडली. हवालदारसाहेबांच्या मुलीसारख्या किती मुली आज आपल्या जिल्ह्याच्या डांबरी रस्त्यांवर पहाटे धावत आहेत! त्यांना धावावयास शिकविणारे पुष्कळ आहेत. हे सांगणारे थोडे.

तर वाटा तीन आहेत. एक पलटणीच्या आतली, दुसरी समितीची आणि तिसरी पोलीस ठाण्याची. एकेक पाहू.

पहिली वाट वरिष्ठांची. आर्मी ॲक्टचे २६ वे कलम सांगते की अधिकारी नसलेल्या कोणाही सैनिकास वरिष्ठाकडून अन्याय झाला असे वाटल्यास त्याने आपल्या कमांडिंग अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. आणि पुढचे वाक्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे: ज्याच्याकडे तक्रार करावयाची त्याच्याविरुद्धच तक्रार असेल, तर ती त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे करता येते. म्हणजे सत्तर-पाऊणशे वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनाही किल्लीचा प्रश्न ठाऊक होता! तक्रार हाती आल्यावर तिची शक्य तितकी पूर्ण चौकशी करणे त्या अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. स्वतः अधिकारी असलेल्या स्त्रीला २७ व्या कलमाने केंद्र सरकारपर्यंत दाद मागता येते.

या वाटेने गेल्यास शिक्षा कोणती होऊ शकते? हाताखालच्या माणसावर बळजबरी करणाऱ्या वा त्याचा छळ करणाऱ्या वरिष्ठास ४७ व्या कलमाने सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. क्रूर किंवा असभ्य स्वरूपाच्या निंद्य वर्तनासाठी ४६ व्या कलमात तेवढीच शिक्षा आहे. बलात्कारासारखा देशाच्या सर्वसाधारण कायद्यातला गुन्हा असेल, तर ६९ व्या कलमाखाली कोर्ट-मार्शल तोही चालवू शकते. ही वाट अगदीच पोकळ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१८ च्या डिसेंबरात एका मेजर जनरलला, हाताखालच्या महिला कॅप्टनच्या तक्रारीवरून, जनरल कोर्ट-मार्शलने बडतर्फीची शिक्षा सुनावली. इतक्या वरच्या हुद्द्याच्या माणसावर कॅप्टनच्या शब्दावरून खटला चालतो, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि या वाटेवरचे खाचखळगेही सांगितले पाहिजेत. आरोप ऐकणारा, चौकशी करविणारा आणि पुढे काय करावयाचे ते ठरविणारा, हे सारे एकाच साखळीतले असतात. कोर्ट-मार्शलचा निकालदेखील वरिष्ठाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही. खटल्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. ती टळली की कोर्ट-मार्शलचे दार बंद होते. शिवाय ५६ व्या कलमात जाणूनबुजून खोटा आरोप करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. खोट्याला शिक्षा असावी हे ठीक. पण “सिद्ध झाले नाही तर तूच आत जाशील” अशी भीती घालण्यास हेच कलम पुढे केले जाऊ शकते. न सिद्ध होणे आणि जाणूनबुजून खोटे बोलणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक मुलीने गाठीस बांधावे.

दुसरी वाट समितीची. १९९२ साली राजस्थानातील भटेरी गावी बालविवाह थांबवू पाहणाऱ्या एका साथिनीवर सामूहिक अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. त्या प्रकरणातून स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९९७ साली न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत ‘विशाखा’ नावाने प्रसिद्ध असलेली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांवरून २०१३ चा कायदा झाला. हा कायदा सैन्यासही लागू आहे. त्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील तेथे अंतर्गत समिती असावी लागते. तिची अध्यक्ष वरच्या पदावरची स्त्री, निम्म्या तरी सभासद स्त्रिया आणि एक सभासद बाहेरच्या सेवाभावी संस्थेतला. हा बाहेरचा एक माणूस फार महत्त्वाचा. सबंध साखळीबाहेरचे तेवढेच एक कान तेथे असतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावयाची. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी. मधल्या काळात स्त्रीने मागितल्यास तिची किंवा आरोपीची बदली, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, अशी शिफारस समितीला करता येते. तिचे नाव प्रसिद्ध करणे हा दंडनीय अपराध आहे.

पण या वाटेची मर्यादा ओळखून असावे. समिती तुरुंगात पाठवीत नाही. ती शिफारस करते, आणि शिक्षा नोकरीच्या नियमांप्रमाणे, म्हणजे येथे पुन्हा आर्मी ॲक्टप्रमाणे व्हावयाची. अश्लील बोलणे, पाठलाग, बढतीचे आमिष अशा छळाला ही वाट योग्य आहे. अंगावर हात पडला, बळजबरी झाली, तर समितीवर थांबू नये. याच कायद्याच्या १९ व्या कलमाने स्त्रीला फौजदारी फिर्याद करावयाची असल्यास तिला साहाय्य करणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. “समितीकडे प्रकरण आहे, आता पोलिसांकडे कशाला जातेस?” असे कोणी म्हणू लागला तर तो तिला कायद्याविरुद्ध सल्ला देत आहे असे समजावे.

तिसरी वाट पोलीस ठाण्याची. पुष्कळांची समजूत अशी की फौजेतल्या गुन्ह्यात पोलिसांना हात घालता येत नाही. ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची असल्याने किती फिर्यादी दारातूनच परत गेल्या असतील कोण जाणे!

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आल्या आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे गुन्हा कोठेही घडला असो, खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. समजा, मुलगी आसामात आहे आणि तिने रात्री रडत घरी फोन केला. वडिलांनी पारनेरच्या ठाण्यात जाऊन खबर दिली तरी ती नोंदून घेऊन योग्य ठाण्याकडे पाठविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मुलगी स्वतः सांगणार असेल तर तिचा जबाब स्त्री पोलीस अधिकाऱ्याने घ्यावयाचा. खबरीची प्रत फुकट मिळाली पाहिजे. अशा गुन्ह्याची खबर नोंदण्यास जो नकार देईल त्या सरकारी नोकरास न्याय संहितेच्या १९९ व्या कलमाने सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी आहे. तरीही दाद न लागल्यास जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज करावा. तेथेही न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. तपास कोठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळविणे हेही पोलिसांचे कर्तव्य आहे.

दवाखान्याचे काय? कोणत्याही रुग्णालयाने, मग ते सरकारी असो की खाजगी, अशा स्त्रीवर ताबडतोब व विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत आणि पोलिसांना कळविले पाहिजे. वैद्यकीय तपासणी खबर मिळाल्यापासून चोवीस तासांत व्हावी, तीही तिच्या संमतीने. पूर्वी जी ‘दोन बोटांची’ तपासणी करीत, ती सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात पुन्हा निषिद्ध ठरविली आणि ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे बजावले.

आता सर्वांत गुंतागुंतीचा भाग येतो. पोलिसांत फिर्याद झाली, तरी खटला कोठे चालणार, सेशन कोर्टात की कोर्ट-मार्शलपुढे? हे पीडित व्यक्ती कोण यावर अवलंबून आहे.

ती सैन्याबाहेरची असेल, म्हणजे आपल्या भिंगारच्या छावणीत धुणेभांडी करणारी बाई असेल, कंत्राटदाराकडची सफाई कामगार असेल वा वाटेने जाणारी शेतकरीण असेल, तर आर्मी ॲक्टचे ७० वे कलम स्पष्ट आहे. बलात्काराचा तो गुन्हा कोर्ट-मार्शलपुढे चालत नाही. सेशन कोर्टातच चालतो. याला अपवाद तीन: सैनिक तेव्हा ‘ॲक्टिव्ह सर्व्हिस’वर असणे, गुन्हा देशाबाहेर घडणे, किंवा सरकारने जाहीर केलेल्या सीमेवरील ठाण्यात घडणे. तेव्हा शांततेच्या ठिकाणी “आमचे आम्ही बघून घेऊ” असे कोणी म्हणाला तर त्याला तसे म्हणण्याचा अधिकारच नाही. अशा बाईला दुसरी वाटही मोकळी आहे: कामाच्या ठिकाणी समिती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

पीडिता स्वतः सैन्यात असेल तर मात्र दोन्ही न्यायालयांना अधिकार आहे. तेथे १२५ वे कलम लागते आणि खटला कोठे चालवावयाचा हे ठरविण्याचा पहिला मान डिव्हिजन, ब्रिगेड इत्यादींच्या कमांडरला मिळतो. फौजदारी न्यायालयाला वाटले की खटला आपल्याकडे यावा, तर १२६ व्या कलमाने ते आरोपीची मागणी करू शकते. मतभेद झाल्यास निर्णय केंद्र सरकारचा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सिक्कीममधल्या एका खुनाच्या प्रकरणात हाच नियम पुन्हा स्पष्ट केला: दोन्ही न्यायालयांना अधिकार आहे, आणि लष्कराने आपला अधिकार बजावला नाही तर फौजदारी न्यायालयाने खटला चालवावा.

हे कागदावर वाचून नीट ध्यानात येत नाही, म्हणून एक प्रकरण सांगतो. सप्टेंबर २०२१ मध्ये कोइमतूरच्या हवाई दलाच्या प्रशिक्षण महाविद्यालयात एका महिला फ्लाइट लेफ्टनंटने सहकारी अधिकाऱ्यावर बलात्काराचा आरोप केला. ती आधी हवाई दलाच्या वरिष्ठांकडे गेली. तेथे समाधान झाले नाही म्हणून शहराच्या महिला पोलीस ठाण्यात गेली. पोलिसांनी अधिकाऱ्याला अटक केली. आपली दोन बोटांची तपासणी झाली असे तिने फिर्यादीत म्हटले. राष्ट्रीय महिला आयोगाने त्याची दखल घेतली. हवाई दलाच्या प्रमुखांनी तशी तपासणी झाल्याचे नाकारले. महिनाअखेर न्यायालयाने आरोपीला हवाई दलाच्या ताब्यात दिले, कारण हवाई दलाच्या कायद्यातही तोच नियम आहे. आरोप खरा की खोटा हे ठरविणे न्यायालयाचे काम. ते मी करणार नाही. पण पाहा, खटला जरी आत गेला, तरी ती ठाण्यात गेल्यामुळे खबर नोंदली गेली, जबाब बाहेरच्या कागदावर उतरला, आणि हवाई दलाच्या प्रमुखांना जाहीरपणे उत्तर द्यावे लागले. हे सारे पेटीतल्या चिठ्ठीने झाले नसते.

म्हणून माझे सांगणे असे की बळजबरीच्या गुन्ह्यात आतली तक्रार करावी, पण बाहेरची खबरही द्यावीच. खटला शेवटी कोठे चालेल ते पुढे ठरेल. पहिला कागद मात्र ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या टेबलावरून जाणारा नसावा.

आपल्या महाराष्ट्राने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका मजूर आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. तेथे वर्दी फौजेची नव्हती, पोलिसांची होती. पण ज्याच्याकडे फिर्याद न्यावयाची तोच आरोपी, ही अडचण तीच. बाहेर लोक जमले, खवळले, तेव्हा बोलावून आणलेल्या हेडकॉन्स्टेबलने तिचा जबाब उतरून घेतला आणि तीच पहिली खबर ठरली. लोक जमले नसते तर कागदच झाला नसता! पुढे सेशन कोर्टाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, तेव्हा बळजबरी नाही, अशी त्या निकालाची विचारसरणी होती. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर चळवळ झाली आणि १९८३ साली कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीवर अधिकाऱ्याने अत्याचार केल्याच्या खटल्यात संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि तिने “माझी संमती नव्हती” असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे. २०१३ साली हाच नियम बंदोबस्तावर पाठविलेल्या सैनिकांनाही लागू झाला, आणि न्याय संहितेच्या ६४ व्या कलमात अशा सैनिकाचा गुन्हा वेगळा नमूद केलेला आहे. शिक्षा दहा वर्षे ते मरेपर्यंत कैद.

तरीही दोन भगदाडे बुजलेली नाहीत. पहिले असे की जेथे १९५८ चा सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा लागू आहे, तेथे सैनिकावर खटला भरण्यास केंद्राची पूर्वपरवानगी लागते. न्यायमूर्ती वर्मा, लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीने २०१३ च्या जानेवारीत स्पष्ट शिफारस केली की लैंगिक गुन्ह्यांना ही परवानगी नसावी. इतर सरकारी नोकरांच्या बाबतीत ते झाले. या कायद्यात झाले नाही.

दुसरे भगदाड ऐकून आपणांस नवल वाटेल. पुरुष शिपायावर पुरुषानेच अत्याचार केला तर? जुन्या दंड संहितेत ३७७ वे कलम होते; नव्या न्याय संहितेत तसे कलमच नाही, आणि बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरती आहे. मारहाण, दुखापत यांची कलमे लागू शकतील, पण त्या गुन्ह्याचे खरे नाव घेणारे कलम नाही. अशा नव्या रिक्रुटाला आर्मी ॲक्टची ४६ व ४७ ही कलमे हाच मुख्य आधार. म्हणजे त्याला बाहेरची वाट जवळजवळ नाहीच. आपल्या मुलांच्या बाबतीत हा विचार आपल्या मनाला शिवतही नाही, म्हणून मुद्दाम सांगितला.

इतर देशांत काय आहे? अमेरिकेच्या सैन्यात २००५ पासून फिर्यादीचे दोन प्रकार आहेत. एकात चौकशी सुरू होते. दुसऱ्यात पीडितेला उपचार व सल्ला मिळतो, वैद्यकीय पुरावा जपून ठेवला जातो, पण तिची इच्छा होईपर्यंत वरिष्ठांना तिचे नाव कळत नाही. मन सावरल्यावर ती दुसऱ्या प्रकाराकडून पहिल्याकडे जाऊ शकते. आणि २०२३ च्या डिसेंबरअखेरीपासून तेथे अशा गुन्ह्यांत खटला भरावयाचा की नाही हा निर्णय कमांडरच्या हातून काढून स्वतंत्र लष्करी वकिलांकडे दिला आहे. जगातले सर्वांत मोठे सैन्यबळ बाळगणाऱ्यांपैकी एका देशाने किल्ली कमांडरच्या खिशातून काढली आणि त्याची शिस्त ढासळली नाही. आपल्या १२५ व्या कलमाचा असाच विचार आपल्या लोकप्रतिनिधींनी करावा, अशी मागणी आपण मतदार म्हणून करू शकतो.

आता हवालदारसाहेबांच्या मुलीला थोडक्यात काय सांगावे? घटना घडल्यास कपडे धुऊ नयेत, शक्य तितक्या लवकर दवाखाना गाठावा. तारीख, वेळ, जागा, कोण होते हे त्याच दिवशी स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे. घरच्या एका माणसाला ताबडतोब सांगावे. ११२ वर पोलीस आणि १८१ वर महिला मदतकेंद्र मिळते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नये. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न काहीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महाराष्ट्र सरकारची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून अर्थसाहाय्य व समुपदेशन देते. तिचे नाव छापणे हा गुन्हा आहे, तेव्हा “बभ्रा होईल” ही भीती कायद्याने तरी निराधार केली आहे.

उरते ती भीती घरातली. कारखान्यातल्या त्या तीन चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बाया मला पुढे म्हणाल्या की सुपरवायझरपेक्षा नवऱ्याला काय वाटेल याची धास्ती त्यांना अधिक होती. फौजीच्या घरात तर पलटणीची इज्जत ही देवघरातल्या मूर्तीसारखी असते. मी त्या श्रद्धेचा आदर करतो. पण इज्जत घालविली ती ज्याने हात टाकला त्याने. जिने सांगितले तिने नव्हे. कामगाराच्या पाठीशी युनियन असते. शिपायाला युनियन करता येत नाही. तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहावयाचे ते त्याच्या घराने आणि गावानेच.

गेल्या महिन्यात पुन्हा राळेगणला गेलो तेव्हा हे सारे हवालदारसाहेबांना सांगितले. त्यांनी वही काढून १७३ व्या कलमाचा आकडा आणि दोन्ही फोनचे आकडे उतरून घेतले. मग वही मुलीच्या हाती देत एवढेच म्हणाले, “पाठ कर. आन् कदी गरज लागली तर आदी मला फोन कर, मग साहेबाला.” मुलीने मान हलविली आणि ती बूट घालून पळावयास निघून गेली.